विहिरीत फ्लॅश पेटवायचं काम

१ ऑक्टोबर, संध्याकाळ
आजही फोटो काळाच. बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीत उतरून काढल्यावानी. क्यामेरा पाण्यात चालते, बाहेरून जोडायचा फ्लॅश पाण्यात चालते, पण दोघं मिळून चालत नाहीत. जावा-जावा कुठल्या! अन् दोष कोणाले? फ्लॅश बांधलेला बांबू धरणारीले. म्हणजे मले.
आता वहीले रामराम.
नात दामिनी आदिलाबादेत फोटोचं शिकून आली. तिले लग्नाआधीचे फोटो आपल्या विहिरीत काढायचे हायेत, नवरा-नवरी पाण्यात बुडवून. आमच्या वेळी लोक लग्न झाल्यावर बुडत होते. जमलं तं ती इथं आपल्या गावात, बेल्यातच स्टुडिओ टाकते. नाही जमलं तं दिवाळी झाली की हैदराबाद, तिथं नोकरी पाहून ठेवली म्हणे. जाओ. मले काय फरक पडते? फक्त मोबाइलचा आवाज वाढवून देणारं घरात दुसरं कोणी नाही, म्हणून मी मदत करून राह्यली.
ठरवलं: उद्यापासून फ्लॅश माह्या ताब्यात.

२ ऑक्टोबर, दसरा
कारण सापडलं. ट्रॅक्टर, शिलाई मशीन, विळे, पाण्याची मोटर, साऱ्यायची पूजा दरवर्षी होते. या फ्लॅशची घरात आल्यापासून कोणी केली? सेकंडहँड वस्तू, आधीच्या घरी काय सोसलं काय माहीत. सून प्रतिभा म्हणे, आत्याबाई, दामिनीले इचारा तरी. देवाच्या कामात पोरीले काय इचारायचं?
फ्लॅशले समोर एक बारका डोळा हाय. त्यानं तो क्यामेऱ्याचा लाइट पाहते, मंग स्वतः पेटते. डोळ्यावरच ठसठशीत कुंकू लावलं, तेलात कालवून, पाण्यात निघू नये म्हणून. आता बिघडायची हिंमत नाही त्याची.

४ ऑक्टोबर, दुपार
प्रगती हाय. आधी फ्लॅश चुकीच्या वेळी पेटत होता, आता बिलकुलच पेटत नाही. म्हणजे चूक तं गेली. राह्यलं अर्धं काम.
दामिनीनं डोळा पाह्यला अन् कपाळाले हात लावला. काऊन लावलं व आजी इथं, म्हणे, आंधळा केला त्याले! म्या म्हटलं, ट्रॅक्टरले लावलं तं तो चालते, यालेच काय नखरे? म्हणे, ट्रॅक्टर पाहून नाही चालत आजी. म्या म्हटलं, तुहा बाप पंढरी चालवते तवा दोघंही पाहत नाहीत.
पोरीनं कुंकू रॉकेलनं पुसलं. दसऱ्याचं कुंकू! मी यावर एक शब्द बोलली नाही. जेवणं होईपर्यंत तेवढी बोलली.

६ ऑक्टोबर
आता असं निघालं का क्यामेरा दोन खेपा लाइट मारते. पयला नुसता अंदाज घ्यायले, दुसरा खरा फोटोचा. आपला फ्लॅश पयल्यालेच भुलते, पेटून मोकळा होते, अन् खऱ्या वेळी झोपलेला. आमची प्रतिभा तशीच. मी तिचं नाव घेते न घेते तं म्हणते, टाकला चहा आत्याबाई. मले मीठ पाह्यजे असते.
फ्लॅशच्या पाठीवर एक बटण हाय. ते सरकवलं का तो पयला लाइट सोडून देते, दुसऱ्यालेच पेटते. प्रतिभाले असं बटण नाही.
बटण दामिनीनं सरकवलं. पण आधी फ्लॅश म्या पुसून देला होता.

८ ऑक्टोबर
पेटला! गुरायच्या टाक्यात बुडवला अन् लख्ख! म्हैस पळाली. फोटोत टाक्याच्या तळाचं शेवाळ केसा-केसानं दिसते.
स्टुडिओचं नाव ठरवून टाकलं: राहीबाई अंडरवॉटर. माह्यं नाव वर, दामिनीचं खाली, बारक्या अक्षरात. बाजारात चंपतची पोरगी रुपा भेटली, तिचं तलमडुगु गावच्या अमरशी लगन जमलं हाय. येत्या इतवारी तुमाले पाण्यात घालतो म्हणून शब्द देऊन आली. दामिनीले मंग सांगितलं. तिनं एका दमात तांब्याभर पाणी पेलं. आनंदानं.

१० ऑक्टोबर
विहिरीतले सारे फोटो मुरमुऱ्यायचे. उजेड पडला, पण जिकडं तिकडं पांढरे ठिपकेच ठिपके. दामिनी म्हणे, पाण्यातला गाळ हाय आजी, उजेड समोरून पडला का तोच चमकते. क्यामेऱ्याच्या लाइटावर तिनं काळी पट्टी मारली अन् तिथून एक पारदर्शक वायर फ्लॅशच्या डोळ्याशी नेली. निरोप वायरीतून जाते, उजेड बाहेर दिसत नाही. तू फक्त बांबू बाजूले धर, म्हणे.
बाजूले! देवापुढं दिवा कोणी बाजूनं लावते का? ती पाण्यात बुडाली का मी समोरच धरते. तिले कुठं दिसते.
गाळ कोणी ढवळला हे इचारू नये. बांबू टेकवायले तळ लागतेच.

१२ ऑक्टोबर, इतवार
रुपा मासोळीवानी पोहते. अमर पायरी सोडेना. नव्या शेरवानीत कमरेइतक्या पाण्यात उभा, अन् मले म्हणते, आजी, इथूनच घ्या ना. म्या म्हटलं, जावईबापू, पायरीशी लगन लावता का रुपाशी? रुपा हासली, तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. पठ्ठ्या तरी हालेना.
सकाळपासून मुरमुरे अन् मुरमुरे. शेवटी माह्या डोक्यात सणक गेली. तिकडं सरक रे, तिकडं, म्हणून बांबू त्याच्या अंगावर फिरवला. घाबरून त्यानं पायरी सोडली अन् गेला खाली. रुपानं त्याचा हात धरला. बांबू पार बाजूले गेलेला. तेवढ्यात दामिनीनं बटण दाबलं.
काय फोटो! हिरवं पाणी, तिचा पिवळा शालू पसरलेला, दोघांचे चेहरे सोन्यावानी, अन् त्याच्या तोंडातून निघालेला बुडबुडा मोत्यावानी. एक ठिपका नाही. दामिनी वर आली अन् ओल्या अंगानंच मले मिठी मारली. लुगडं भिजलं. म्या म्हटलं, बाजूले धरायचं माह्या मनात पयल्यापासून होतं.
आता हैदराबाद कायचं! उद्या बोर्डवाल्याले बोलावते.

१३ ऑक्टोबर
बोर्डवाला आला नाही. फोटो मात्र मोबाइलात साऱ्या मुलखात फिरला.

१५ ऑक्टोबर, सकाळ
दामिनी आंघोळीले गेली होती. तिचा फोन वाजला, म्या उचलला. बाई तेलुगूत बोलली, मंग हिंदीत. हैदराबादच्या स्टुडिओतली. म्हणे, विहिरीतला फोटो पाह्यला, असं काम इथं कोणाले जमत नाही, साधी नोकरी राहू द्या, पाण्यातल्या फोटोचं सारं खातं दामिनी मॅडमच्या हाती देतो. मॅडम हायेत का?
म्या तेलुगूतच म्हटलं, लेदु, नाही. अन् ठेवला.
फोटो काळाच राह्यला असता तं त्यायले काय दिसलं असतं? अन् बांबू कोणी बाजूले नेला? जाऊ दे. मले काय फरक पडते.
दामिनीले सांगितलं. ती केस पुसता पुसता थांबली. काय म्हणालीस तू त्यायले, म्हणे. म्या म्हटलं, तू घरात नाही. तिनं आपल्या मोबाइलचा आवाज मोठा करून देला अन् माह्याच पुढ्यात ठेवला.
आता वाजून राह्यला, हैदराबादचाच. पंढरीनं उचलू नये, प्रतिभानं उचलू नये, म्या तं मुळीच नाही. दामिनीनंच उचलायचा अन् काय ते तिनंच सांगायचं.