बसून चाललेली बारा मिनिटं

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा चालले. बारा मिनिटं! कमरेला पट्टा, पट्ट्यात डबी, डबीतून दोन काड्या वर आलेल्या. जाता जाता आरशात पाहिलं — चष्मा लावलेलं म्हातारं झुरळ. ठकीला सांगितलं तर हसली नाही. माझी नात हसत नाही म्हणजे आकडे वाईट आलेत. मला अक्षर येत नाही, आकडा येत नाही, पण तिचं तोंड वाचता येतं. तिच्या खोक्याचे हजारात चाळीस अंदाज चुकले म्हणाली. काल अडतीस होते. "आजी, तू चाललीस की सगळं विस्कटतं ग."

टायपिस्टबाई, 'विस्कटतं ग' मधला ग खाऊ नका. बोलते तसंच उतरवा.

(खालच्या मजल्यावरच्या या बाई तीस वर्षं कोर्टात जबान्या लिहून घ्यायच्या. निवृत्त झाल्या, पण बोटं काही निवृत्त होत नाहीत. घरात आम्ही दोघीच, मी आणि ठकी. दुपारी ती युनिव्हर्सिटीत गेली की या वर येतात, मी बोलते, त्या वहीत पेनानं लिहितात. ऐकलेलं पोटात ठेवणारी बाई, म्हणून तर धरून आणलं.)

५ फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं शेवटी — तुझ्या त्या खोक्याचं चाललंय तरी काय? हॉलमधल्या कपाटावर ते बसलंय, चार अँटेना उभारून. ठकी म्हणाली, माझ्या कमरेची डबी काहीतरी सांगत असते, टेबलावरची डबी दुसरंच काहीतरी सांगते. एकाच वेळी, एकाच पट्टीत. चारही अँटेनांवर दोघींचा गोंधळ येऊन पडतो, पण प्रत्येकीवर जरासा निराळा. त्या निराळेपणावरून खोक्यानं निवडायचं — हे हिचं, ते तिचं.

त्यात काय मोठं! माझी चार पोरं एकदम रडायची. भिंतीपलीकडून सांगायचे, भूक कोणाला आणि नाटक कोणाचं.

"पण ती एका जागी रडायची, आजी. तू फिरतेस." मी वळले, कपाटाआड गेले, की डबीचं बोलणं भिंतींवर आपटत वेगळंच होऊन पोचतं. म्हणून डबी आधी ठरलेले दोन शब्द म्हणते. खोक्याला ते पाठ असतात. त्यावरून ते समजतं, आत्ता ही अशी ऐकू येते तर. मग पुढचं अंदाजानं ओळखायचं, आणि ओळखलेलं खरं धरून त्यावरूनच पुन्हा शिकायचं.

"आणि चुकीचं ओळखलं तर?"

"तर चुकीलाच खरं धरतं, आणि पुढे चुकतच जातं."

म्हटलं, हे तुझ्या आजोबांवर गेलंय! तेव्हा हसली.

पण खरं दुखणं असं: चालत्या माणसाचं नीट ओळखता आलं तरच तिचा प्रबंध उभा राहणार. तिच्या मॅडमनी सांगून टाकलंय, या महिन्यात जमलं नाही तर विषय बदल. चार वर्षं पाण्यात. चार वर्षांत पोरीचे केस पांढरे व्हायला लागलेत. माझ्यासाठी आणलेला कलप ती लावते.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज गुडघा बोलला. तिसऱ्या फेरीला झोपायच्या खोलीत पोचले आणि पाय उचलेना. खिडकीशी खुर्ची आहे, टेकले. एक मिनिट, म्हटलं. बसले ती बसलेच. ठकी हॉलमध्ये दार लावून कॉम्प्युटरपुढे असते. मध्ये दार उघडायचं नाही, बोलायचं नाही असा नियम. मग हाक कशी मारणार? नियम मोडायला नको म्हणून बसले, असं म्हणा.

बारा मिनिटं पुरी झाली आणि हॉलमधून किंकाळी! मला वाटलं विजेचा झटका बसला. धावत आली. (मी तेवढ्यात उठून उभी.) "आजी! हजारात दोन! दोन!!" मला गच्च धरलं, कमरेची डबी दोघींच्या मध्ये टोचत होती.

मागचं किती वेळ धरून ठेवायचं आणि किती लवकर विसरायचं, याचा त्या खोक्यात एक आकडा असतो म्हणे. तो आज सकाळीच तिनं बदलला होता. सावकाश विसर, असं सांगितलं होतं त्याला. आणि जमलं! "तू नेहमीसारखीच चाललीस ना?"

"चालले की."

झालं. निघून गेलं तोंडातून. चांगलं जेवली आज पोरगी, किती दिवसांनी.

९ फेब्रुवारी, सोमवार

लिहा टायपिस्टबाई. भुवया खाली घ्या आणि लिहा. आज गुडघा दुखत नव्हता. आज मी मुद्दाम बसले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बसले. हजारात एक.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा शेवटचा प्रयोग. मॅडमच्या समोर मांडायचा तो हाच. मी ठरवलं होतं, आज चालायचं. चार पावलं चालले देखील. हॉलमधून कॉम्प्युटरच्या कळांचा आवाज येत होता, आणि मध्येच तिचं गुणगुणणं. ठकी गुणगुणते! शाळेत असताना गुणगुणायची, त्यानंतर ऐकलं नव्हतं. माझे पाय आपोआप खुर्चीकडे गेले. आपोआप कुठले? मीच नेले.

मग काचेतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी मोजत बसले. सात होत्या. त्याही माझ्यापेक्षा जास्त हलत होत्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ठकीनं वाचून दाखवलं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर, आभाराच्या आधी, एकच ओळ — 'आजीला, जिच्या पावलांवर हे सारं उभं आहे.'

मी म्हटलं, छान आहे, आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मॅडम घरी आल्या. मला वाटलं होतं कडक असतील. कसलं काय! आल्या आल्या चपला उलट्यासुलट्या काढल्या, कपाटावरच्या खोक्याला "काय रे, शहाणा झालास म्हणे" म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "तर ह्या आमच्या फिरत्या डबीवाल्या आजी! अहो, आमच्या विद्यार्थ्यांना चालायला सांगितलं की पाचव्या मिनिटाला मोबाइल बघत उभे राहतात. तुमच्यासारखं प्रामाणिक माणूस मिळत नाही."

पाणी प्यायला दिलं. 

"एक फेरी बघू या का? नुसती गंमत म्हणून," मॅडम म्हणाल्या. ठकी उत्साहानं पट्टा आणायला निघाली.  म्हटलं, आज नको हो, गुडघा फार धरलाय. गुडघा अगदी ठणठणीत होता! ज्या दिवशी खरंच धरला होता त्या दिवशी चकार शब्द काढला नाही, आणि आज, न धरलेल्या गुडघ्याला हात लावून कण्हले. मॅडमनी माझ्यासाठी उशी आणली.

"राहू दे, आकडे आहेत की," म्हणाल्या. मग खरी गोष्ट काढली. आग विझवणाऱ्यांसाठी वायरलेस बनवणारी एक कंपनी आहे. धुरात चारपाच जण एकदम बोलतात, एकाचं दुसऱ्यात मिसळतं. त्यांना ठकीची पद्धत हवी आहे, तिच्या त्या सावकाश विसरण्याच्या आकड्यासकट. सत्तावीस तारखेला एका रिकाम्या इमारतीत चाचणी. खरा धूर सोडणार, खरी माणसं जिने चढणार.

"ती माणसं बसत असतील का मध्ये?" मी विचारलं.

दोघी हसल्या. "आजी, आग लागल्यावर कोण बसेल?"

१७ फेब्रुवारी, मंगळवार

टायपिस्टबाईंनी आज पेन खाली ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"मी तीस वर्षं लिहून घेतलं, कधी मध्ये बोलले नाही," म्हणाल्या.

"मग आत्ताही बोलू नका."

"एकच बोलते. जबानी बदलायला लोक यायचे. उशिरा यायचे, रडत यायचे. जे यायचे ते यायचे. जे नाही आले त्यांची कागदं अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत."

मी म्हटलं, तुमची जीभ इतकी लांब आहे हे आज कळलं. रागावल्या नाहीत. पेन उचललं आणि आमचं हे भांडणही लिहायला लागल्या. लिहा, लिहा. सवयच तुमची.

पण काय सांगू मी पोरीला? चार वर्षं तुझी, आणि चार दिवस माझे — त्या चारांनी ती चार खाल्ली? चालत्या माणसासाठी सावकाश विसरणारं खोकं कामाचं नाही, एवढं आता मलाही कळतं. मी इथून तिथे गेले तरी ते मला खुर्चीतच धरून बसणार. माझ्यामुळे तिनं चुकीचा आकडा बरोबर मानला. त्यावर पान लिहिलं. त्या पानावर दुसरं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज सांगायचंच होतं. ती भांडी विसळत होती. "ठके," म्हटलं. "काय ग?" "काही नाही, साबण कमी घे."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा. "ठके." "काय ग आजी, काल पण नुसतीच हाक मारलीस." मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही ना, म्हणून. ओला हात, साबणाचा वास.

तोंडानं होणार नाही हे. आयुष्यभर ज्या तोंडानं सगळ्या गल्लीला गप्प केलं, ते या एका पोरीपुढे चालत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

डोळ्यांपुढून जिना हलत नाही. धूर. तोंडाला मुखवटे, हात समोरच्या भिंतीवर. वरचा ओरडतो, खाली या! त्याच वेळी खालचा ओरडतो, पाणी सोडा! आणि खोकं बसलंय शांत, दोघं मघाशी जिथे होते तिथेच आहेत असं समजून. एकाचं दुसऱ्याला लावत. कोणाची तरी पोरं असतील ना ती?

चाचणीतच पडलं तर ठकीची सगळ्यांदेखत नाचक्की. चाचणीत चुकून निभावलं, तर त्याहून वाईट. 

टायपिस्टबाई म्हणाल्या, "आज एवढंच?" एवढंच. सोमवारी येऊ नका. रागावून नाही सांगत, खरंच येऊ नका. वही मात्र इथे ठेवून जा.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज ठकीला घरी थांबवलं. आजचं अक्षर तिचं आहे. आधी मागचं सगळं वाच म्हटलं, मनातल्या मनात, आणि मग मी सांगते ते पुढे लिही.

वाचून झालं. पहिलं पान पुन्हा उलटून तिथून परत वाचलं. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "कोणकोणत्या दिवशी?"

लिही, ठके. सात तारीख. नऊ. दहा. बारा.

"बारालाही?"

बारालाही. थांबू नकोस, लिही.