अपिलातला घोडा

३ मार्च, सकाळी ९
विमा कंपनीचं पत्र. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी नामंजूर. कारण : 'अर्जदारास अद्याप हृदयविकार झालेला नाही.' म्हणजे आधी झटका आणा, मग गोळी न्या! अपिलाला तीस दिवस आहेत. दोन दिवसांत सरळ करतो एकेकाला.

५ मार्च
डॉक्टर म्हणाले, काका, साधं लिहा. वडील आणि थोरले भाऊ सत्तरीत हृदयविकाराने गेले, तुम्हीही जूनमध्ये सत्तरीचे होताय. तशी चिठ्ठीही दिली. गोळी मात्र आजपासूनच विकत घ्या म्हणाले. घेणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

९ मार्च
कंपनीला फोन. पाऊण तास तेच ते संगीत. मग एक मुलगी : सर, ऐका ना, अपिलाच्या फॉर्ममधला फक्त शेवटचा, कारणाचा चौकोन भरा. मी म्हटलं, बाळ, माणूस चौकोनात मावत नाही. फोन कटला. गहिवरली असावी.

१७ मार्च
अपील पद्यात! गद्य काय, कारकून रोजच वाचतात. शाळेत मास्तर टेबलावर पट्टी आपटून भुजंगप्रयात शिकवायचे; तो ताल अजून बोटांत आहे. वडील, दादा वगैरे रडगाणं काही वृत्तात बसेना. पहिली ओळ मात्र झकास उतरली : 'अजूनी उरी धावतो अश्व माझा'. हिला ऐकवली. म्हणाली, घोडा एवढा धावतोय तर गोळी कशाला मागताय? संसारात काव्य कळणारं माणूस मिळणं अवघडच.

३० मार्च, पोस्टातून परत
बारा कडवी रवाना. चिठ्ठी जोडली नाही, रसभंग होतो. येताना दुसऱ्या जिन्यावर जरा थांबलो. देखावा बघत होतो. ही मागून म्हणाली, अहो, तिथे भिंत आहे.

२१ एप्रिल
नामंजूर. 'हृदय घोड्याप्रमाणे सुदृढ असल्याचे अर्जदाराने स्वतः लेखी कळवले आहे.' गाढव लेकाचे! पण ओळ लक्षात राहिली ना? पुढचं अपील चोवीस कडव्यांचं.

१४ मे
मंजूर! माझी चोवीस कडवी तर अजून टेबलावरच आहेत.
पाकिटात फॉर्मची झेरॉक्स. शेवटच्या चौकोनात हिचं अक्षर : 'सासरे सत्तरीत गेले. मोठे दीर सत्तरीत गेले. हे आता जिन्यात थांबतात, आणि तिथे बघायला काही नसतं. मला हे हवे आहेत.' सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.
टेबलावर बोटं आपटून पाहिली. कुठल्याच वृत्तात बसत नाही. सुधारावं म्हणून पेन उघडलं. एक शब्द हलेना.
ही पाण्याचा पेला घेऊन उभीच होती. गोळी घेतली.