धनेश साडेदहाला आला नाही

कर्वेनगर, पुणे
शनिवार, १४ जून

आदरणीय रावसाहेब यांना,

बाबुरावचा मनापासून नमस्कार. (वाकून करावा असं वाटतं, पण गुडघे हल्ली वाकायच्या आधी चर्चा करतात.) आपली तब्येत कशी आहे? सौ. विहीणबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं असं कळलं. आता मी त्यांना पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसेन, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. ऊस कसा आहे? म्हैस दूध देऊ लागली का? आपण म्हणाल, व्याह्यांनी फोन सोडून पत्र का काढलं? तर फोनवर आपण नुसतं 'हां, बोला' म्हणता आणि त्या दोन शब्दांत असा काही भारदस्तपणा असतो की मी काय बोलणार होतो ते विसरतो. शिवाय जे सांगायचं आहे ते फोनवर मावणारं नाही. जावई विश्वजीतराव आज इकडे आलेत, त्यांच्याच हाती हे पाकीट देतो आहे.

रावसाहेब, एस. टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून पस्तीस वर्षं काढली. हातात माईक, समोर गाड्या आणि मागे चौकशी करणारी माणसं. निवृत्त झाल्यावर माझ्या सूचना ऐकायला घरात एकटी सौ. उरली. आठ महिने तिने ऐकलं. आमटीला फोडणी कधी, कुकरच्या शिट्ट्या किती, दूधवाला कोणत्या बाजूने येतो आणि खरं तर कोणत्या बाजूने यायला हवा. नवव्या महिन्यात तिने शांतपणे माझी खुर्ची उचलली, गॅलरीत नेऊन ठेवली आणि दार लोटून घेतलं. तेव्हापासून मी गॅलरीत असतो. आमचा दुसरा मजला. समोर सहा-सात हातांवर सोसायटीचा जुना गुलमोहर. त्याची एक मोठी फांदी कधीतरी मोडली होती, तिथे खोडात ढोली झाली आहे. ती नेमकी माझ्या नाकासमोर येते. अकरा वर्षं या घरात राहतो, पण ती ढोली मला सत्तावीस मार्चला पहिल्यांदा दिसली.

दिसली म्हणजे काय, तिच्यापाशी एक पक्षी बसलेला दिसला. राखाडी अंग, लांबलचक शेपूट आणि चोच अशी की त्याच्या देहाला दोन नंबर मोठी. चोचीवर आणखी एक छोटं शिंग. (देवाने उरलेलं सामान वाया जाऊ नये म्हणून बसवलं असावं.) डोळा लालभडक. तो ढोलीला टकटक करत होता. दुर्बिणीतून पाहिलं तर ढोलीचं तोंड चिखलाने बुजवलेलं, मध्ये फक्त बोटभर उभी फट, आणि त्या फटीतून आतल्या बाजूने दुसरी चोच बाहेर आलेली! कुणीतरी मादीला आत चिणलं होतं आणि हा बिचारा तिला सोडवायला धडपडत होता. मी लगेच बचावकार्य हाती घेतलं. जाळ्या काढायच्या झाडूला कपडे वाळत घालायची काठी बांधली, गॅलरीच्या कठड्यावरून निम्मा बाहेर झुकलो आणि ती भिंत पाडण्यासाठी पहिला वार करणार, एवढ्यात खालून आवाज आला.

"बाबुराव, झाडू आत घ्या."

तळमजल्यावरच्या वेणूबाई. वय एक्याऐंशी, एकट्या राहतात, शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"अहो, ती अडकली आहे!"

"अडकलेली नाही. अंडी घालायला बसली आहे. दार तिने स्वतः लावून घेतलंय. आपण न विचारता मदत करू नये."

मग त्यांनी खालून आणि मी वरून असा आमचा तास झाला. रावसाहेब, तो पक्षी धनेश. नर चोचीतून माती आणून देतो आणि मादी त्यात स्वतःची विष्ठा कालवून आतून भिंत लिंपते. साप, खार, मांजर कुणी आत येऊ नये म्हणून. आणि पुढचं ऐकून मी कठडा धरला. आत बसल्यावर ती आपली उडायची पिसं गाळून टाकते. सगळी. म्हणजे मनात आलं तरी उडता येऊ नये. अडीच महिने ती त्या अंधारात, अंग वळवायलाही पुरणार नाही एवढ्या जागेत बसणार, आणि खायला काय मिळेल ते फक्त त्या फटीतून, फक्त तो आणेल तेवढंच. तो आला नाही तर? "तर संपलं," वेणूबाई म्हणाल्या आणि कढीपत्ता तोडून आत गेल्या. मी झाडू आत घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मी डायरी ठेवायला लागलो. सवयच ती. सकाळी सहा अठ्ठावन्न, आगमन, कालव्याच्या बाजूने. आठ दहा. नऊ वीस. साडेदहा. पुढे संध्याकाळपर्यंत असंच. यायचा तो चार वेळा पंख मारून मग तरंगत, जणू हवेत पायऱ्या आहेत. फांदीवर बसायचा, मान मागे झटकायचा आणि गळ्यातून एकेक उंबर चोचीच्या टोकावर आणून फटीत द्यायचा. एक, दोन, तीन... एका खेपेला मी सत्तावीस उंबरं मोजली. एवढी उंबरं त्या गळ्यात राहतात कुठे, आणि एकही आपण गिळून टाकावं असं त्याला वाटत कसं नाही? (मी मंडईतून चिकू आणतो तेव्हा घरी पोचेपर्यंत काय होतं, ते सौ.ला ठाऊक आहे.) एप्रिल सरता सरता सौ.ने स्वतःचं स्टूलही गॅलरीत आणलं. भाजी निवडायला उजेड बरा, म्हणाली. भाजी तिने निवडली नाही. आम्ही दोघं न बोलता तासन् तास त्या फटीकडे बघत बसायचो. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण इतका वेळ न भांडता शेजारी बसल्याचं आम्हा दोघांनाही आठवत नाही.

आणि मग बारा मे उजाडला. सोमवार. नऊ वीसची खेप झाली. साडेदहाला धनेश आला नाही.

होतं कधीतरी, म्हटलं. साडेअकरा झाले. साडेबारा. ऊन असं की गुलमोहराची फुलंसुद्धा डोळ्यांना भाजत होती. फटीतून चोचीचं टोक बाहेर यायचं, जरा थांबायचं आणि आत जायचं. ओरडली नाही ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. एक वाजता सौ.ने ताट वाढलं आणि दोघांपैकी कुणीच बसलं नाही. डब्यातलं सुकं अंजीर मी दोऱ्याने काठीच्या टोकाला बांधलं आणि फटीपर्यंत नेलं. तिने चोचीने अंजीर नाही, काठीच अशी काही हाणली की माझा खांदा झणझणला. भिंतीला धक्का लागेल म्हणून काठी मागे घेतली, टोपी घातली आणि त्याला शोधायला निघालो.

कालव्याच्या रस्त्याने तिथल्या मोठ्या उंबरापर्यंत जाताना दिसेल त्याला विचारत होतो, "धनेश दिसला का हो?" पंक्चरवाल्याने फार आपुलकीने विचारलं, "आडनाव काय?" रसवंतीवाल्या बाई म्हणाल्या, "रुपालीताईंचा धनेश ना? तो बंगलोरला असतो आता." मी हातांनी चोच करून दाखवली, तेव्हा त्यांनी मला बसवून रस पाजला. ऊन लागलंय असं त्यांना वाटलं.

उंबराच्या पलीकडे एक नवी काचेची इमारत आहे. तिथले रखवालदार सुदर्शन, भंडाऱ्याकडचे, चाळिशीचे गृहस्थ. माझा प्रश्न ऐकून त्यांना मात्र हसू आलं नाही. "या काका," म्हणून जिन्यामागच्या सावलीत घेऊन गेले. तिथे भाजीचं प्लास्टिकचं क्रेट पालथं घातलेलं, त्यावर ओलं पोतं.

"काचेत आभाळ दिसते न जी त्याले. आदळला सकाळी. मले वाटलं गेला. मंग पाहतो त छाती हालत होती."

मी वाकून पाहिलं. तोच. लाल डोळा अर्धा मिटलेला, पंख सैल. आणि त्याच्या पुढ्यात फरशीवर पाच उंबरं. आदळताना गळ्यातून पडली असणार. घरी न्यायची होती ती.

रावसाहेब, मी तिथूनच वेणूबाईंना फोन लावला. म्हणाल्या, "हात लावू नका. पाणी पाजू नका. माणसं जमवू नका. सावलीत राहू द्या, आणि तुम्ही बोलू नका." मी आणि सुदर्शन तिथे जमिनीवर बसून राहिलो. तो माणूस मध्येच उठून पोतं ओलं करत होता. चार वाजून गेले तेव्हा क्रेटमध्ये खडखडाट झाला. सुदर्शननी हलक्या हाताने क्रेट उचललं. धनेश तसाच बसून राहिला. त्याने मान हलवली, माझ्याकडे एक डोळा लावून पाहिलं (साहेब तपासणीला आले की असं पाहायचे) आणि उडाला. वाकडातिकडा, पण उडाला. आणि घरी नाही, सरळ उंबरावर गेला! मी खालून ओरडलो, "अरे, ती उपाशी आहे तिकडे!" सुदर्शन म्हणाले, "तो रिकामा कसा जाईन, काका?"

मी धावलो. सदुसष्ट वर्षांचा माणूस कालव्याच्या रस्त्याने टोपी हातात धरून धावतो आहे, हे दृश्य कर्वेनगरने पाहिलं. जिना चढून दारात पोचलो, तर सौ. गॅलरीत उभी. पाठमोरीच म्हणाली, "आला. चार बेचाळीसला. एकतीस दिली. बसा, पाणी प्या." माझ्या डायरीत तिने तिच्या अक्षरात वेळ लिहिली होती. आकडे जरा पुसट झाले होते, कारण पानावर पाणी पडलं होतं. कसलं ते मी विचारलं नाही.

परवाच्या सोमवारी, नऊ जूनला, सकाळी आतून टकटक सुरू झाली. वेणूबाईंना मी हात धरून दोन जिने वर आणलं. दीड तास ती भिंत फुटत होती. मग ती बाहेर आली. मळलेली, शेपटी एका बाजूला वाकलेली, नवी कोरी पिसं अंगावर. चौऱ्याहत्तर दिवसांनी तिने ऊन पाहिलं. फांदीवर बसून तिने एक पंख उघडला, मिटला, मग दुसरा. तिच्यामागून दोन पिल्लं ढोलीतून डोकावली. नर वरच्या फांदीवर चोचीत उंबर धरून नुसता बसला होता, कुणाला द्यावं ते न कळल्यासारखा. वेणूबाईंनी माझी दुर्बीण मागून घेतली. मग म्हणाल्या, "तीस वर्षं हे चित्र फळ्यावर काढलं. खरं असेल असं वाटलं नव्हतं." त्यांच्यासारखी बाई हे म्हणाली, रावसाहेब. मी तर आयुष्यभर गाड्यांकडे बघत होतो.

असो. सर्वांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद. म्हशीची काळजी घ्यावी.

आपला,
बाबुराव

ता. क. आपल्या नव्या बंगल्याकडे जाणारा रस्ता सरळ यावा म्हणून विहिरीवरचा वड काढायचा ठरलाय आणि सोमवारी भैरू करवत घेऊन येणार आहे, असं ऐकलं. (हे मला आमच्या लेकीने, उत्कर्षाने, सांगितलेलं नाही. तिला विचारूही नये.) व्याह्यांनी व्याह्यांच्या झाडात बोलू नये, हे मला समजतं. पण गेल्या दिवाळीत मी आपल्याकडे जेवून त्या वडाखाली लवंडलो होतो, तेव्हा वर कसल्यातरी मोठ्या चोचींचा कलकलाट चालला होता आणि मी झोपमोड झाली म्हणून त्यांना ढेकूळ मारलं होतं. रस्ता जरा वाकडा काढता आला तर पाहावं. वाकड्या रस्त्याने यायला मला काहीच अडचण नाही.

आणखी एक. मी फार थोर माणूस आहे असं वरच्या मजकुरावरून वाटलं असेल, तर तसं नाही. तीन वर्षांपूर्वी, फुलं पडून स्कूटर खराब होते म्हणून आमचा गुलमोहर तोडायचा अर्ज सोसायटीत आला होता. त्यावर पहिली सही माझी होती. दुसरी कुणी केली नाही, म्हणून झाड राहिलं. आपल्या वडाच्या बाबतीत सही करणारे आपण एकटेच आहात, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.