पळसाचे झुमके

लोणखेडा, ५ मार्च २०२५

प्रमिलाताई,

साखरपुड्यानंतर एकदाही फोन केला नाही, माफ करा. "विधवा बाई ओटीच्या वेळी नको, तू आत बस," असं तुम्ही म्हणालात आणि मी निमूट आत बसले. राग तुमचा जास्त आला की माझा, हे अजून ठरत नाही.

परवा तुमची लेक भूमिका आली. "काकू, मन्हा हळदना दागिना तूच कर. आईले सांगसू, दुकानमाईन लयनू."

मी हो म्हणाले, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाही! केळीच्या सोपटाचा ओला दोरा घेऊन त्यात पिवळी शेवंती ओवली. हार, बाजूबंद काय देखणे झालेत! पळसाचं फूल उलटं टांगलं की झुमका तयार, वाऱ्यावर हलतोसुद्धा!

लांबी बघायला एक झुमका मी स्वतःच्या कानाला लावला. नाही, खोटं कशाला लिहू? लांबी आधीच मोजली होती. तुमचे दीर गेल्यापासून चार वर्षांत फूल अंगाला लावलं नव्हतं. आरशासमोर हसू आवरेना. मग भूमिकेसाठी नवा झुमका केला.

पण दुकानातून आणलं असं तुम्हाला सांगून हे काम दुकानाच्या नावावर घालायला मन तयार होत नाही. हळद उद्या संध्याकाळी आहे. मी सकाळीच सांगितलं, तर तुम्ही नको म्हणालात तरी पोरीला दुकान गाठता येईल. पण हे सांगायचं ते तोंडावर, म्हणून हे पत्र धाडणार नाही.

तुमची जाऊ,
जागृती

उद्या: दागिन्यांचा डबा घेऊन पहिल्या बसने रनाळ्याला ताईंच्या घरी जाणे, पुढच्या दाराने.