पहिल्या गोळीचा ताप

ता. ४ जून

चि. चिमणीस दादाचे भरपूर आशीर्वाद. वि. वि.

मांडीवरच्या त्या लाल कड्याचं निदान झालं. लाकूड बघायला जंगलात गेलो तेव्हा गोचीड चावली होती. तिने दिलेल्या आजाराला लाइम म्हणतात. एवढासा जीव, आजाराचं नाव मात्र साहेबी! डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं.

आता खरी गोष्ट. त्या दिवशी सकाळी मी आपल्या लाकडाच्या गिरणीत कामगारांशी हुज्जत घालत होतो. पहिली गोळी घेतली आणि संध्याकाळी थंडीने दात वाजायला लागले. अंग ठणकलं, कडं आणखी लालभडक झालं. औषधाने माणूस उठतो की आडवा होतो? गोळी सूनबाई स्वतः देते आणि मी पाणी पिईपर्यंत समोरून हलत नाही. एवढी माया आधी नव्हती.

करवतीचा आवाज बदलला की पातं बोथट झालंय हे मला ऑफिसात बसून कळतं. मग दाराआडचं बोलणं सुटेल होय? सूनबाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, की ठरल्यासारखाच ताप चढलाय आणि बाबांना काही कळलेलं नाही. गिरणी अजून माझ्या नावावर आहे, आणि आमच्या चिरंजीवांनी नुकताच कागदांचा विषय काढला होता. बाकीचं तूच जुळव.

म्हणून गोळी जिभेखाली धरतो आणि ती गेली की कुंडीत टाकतो. ताप उतरला! आता बोल. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. मी ऐकतो तसं दुसरंही कुणी ऐकत असेल.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, अजून शाबूत असलेला,
दादा

ता. ८ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग लगेच लिहायला बसले. अरे, फोनच्या दुसऱ्या टोकाला मीच होते!

डॉक्टरांनी सूनबाईला आधीच सांगितलं होतं, की जंतू मरायला लागले की अंगात खळबळ उडते. काहींना पहिल्या दिवशी ताप, दुखणं वाढतं आणि लवकरच ओसरतं. तुला हे सांगायलाच हवं, असं ती म्हणत होती. मीच अडवलं. ताप येणार म्हटल्यावर तू गोळीला हात लावला नसतास.

ताप उतरणारच होता. आजार आत तसाच आहे. तो नसांवर, हृदयावरही जातो. सूनबाईला मी यातलं काही कळवलेलं नाही, तुझा संशय ऐकून ती दुखावेल. आजच डॉक्टरांकडे जा आणि गोळ्या थुंकल्याचं लपवू नकोस. आणि ते कागद विम्याचे होते, करवतीच्या, तुझ्या नव्हे!

रागावलास तरी लोभ सोडू नकोस.
तुझी चिमणी

ता. १३ जून

चि. चिमणीस आशीर्वाद, आणि एक चापटही.

तुझं पत्र आलं त्याच सकाळी चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून शर्टावर सांडला. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा माझं ऐकेना. तसाच डॉक्टरांकडे धावलो, सगळं कबूल केलं. त्यांनी चांगलं झापलं. तोंड बहुधा ठीक होईल म्हणाले, पण वेळ लागेल. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. थोडी कणकण आली, घाबरलो नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. वाटलं, सूनबाईला सांगून टाकलं की ती हसेल आणि प्रकरण मिटेल. पोरगा हसला. ती हसली नाही. मी तिला नेमकं काय समजत होतो, हे तिने एकदा नीट विचारून घेतलं आणि गोळ्यांची पट्टी माझ्या उशाशी ठेवून खोलीतून निघून गेली. आता बाबा म्हणून हाकही मारत नाही.

रोज माफी मागतो. पण तोंड असं वाकडं, की मी मस्करी करतोय असंच वाटतं. तू ये आणि तिला सांग, मी खरंच मागतोय.

निदान तू तरी लोभ ठेव.
दादा