शब्द सांगा, मग सोडते

९ फेब्रुवारी, सोमवार

मोजा सापडला नाही. धाकटीचा, डाव्या पायाचा. सगळं घर उलथंपालथं केलं. लेक एका हाताने थोरलीची वेणी आवळत होती, दुसऱ्या हाताने उतू चाललेल्या दुधाखालचा गॅस बंद करत होती, आणि तोंडाने मला सांगत होती – ‘‘बाबा, मध्ये उभे राहू नका, बसा बघू!’’ मी बसलो. तिघी गेल्यावर उठलो, तर मोजा माझ्याखाली! कोणाला सांगितलं नाही. गुपचूप धुण्यात टाकला.

ही वही थोरलीची आहे. पुढे गणितं, मागची पानं कोरी. कागदाच्या कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं मी आवक-जावक लिहिली. कोण आत, कोण बाहेर, किती वाजता. शाळा चौथीपर्यंतच, पण नोंदीत खाडाखोड नाही. आता फाटक नाही, हाताला चैन नाही, म्हणून घराची नोंद.

बाहेर – लेक, थोरली, धाकटी. आठ बत्तीस. दाराची कडी तीनदा पाहिली.

१० फेब्रुवारी

जावई जहाजावर. आणखी पाच महिने पाणीच पाणी. घर लेकीच्या डोक्यावर. थोरली नऊ वर्षांची – तिला मी वकीलबाई म्हणतो. भांडं फुटलं तरी आधी ‘‘पुरावा काय?’’ विचारते. धाकटी सहाची. ती हवालदार. तिच्यापुढे पुरावाबिरावा चालत नाही.

लेकीने घरात एक नियम केला आहे. दर रविवारी ती एक शब्द ठरवते आणि आम्हा तिघांच्या कानात सांगते. मुलींना शाळेतून न्यायला जो कोणी येईल त्याने तो शब्द सांगायचा. नाही सांगितला, तर जायचं नाही. मग तो शेजारी असो, मामा असो, कोणी असो. आणि शब्द कुठेही लिहायचा नाही. हे मला पटलं. फाटकाचे नियम फाटकासारखेच हवेत. म्हणून या वहीतसुद्धा चालू आठवड्याचा शब्द मी लिहिणार नाही. गेल्या आठवड्याचा होता ‘जिराफ’. त्याची मुदत संपली, त्याला हरकत नाही.

११ फेब्रुवारी

जेवताना लेकीने पुन्हा ती गोष्ट काढली. पोरींना ती फार आवडते. मला नाही.

‘‘मी तुझ्याएवढी होते,’’ थोरलीला म्हणाली. ‘‘आजीने बाबांचा डबा देऊन पाठवलं. फाटकाशी गेले. बाबा म्हणतात, पास? म्हटलं, बाबा, मी आहे! तर म्हणतात, ते दिसतंय. पास?’’

दोघी खिदळल्या. वकीलबाई म्हणाली, ‘‘आजोबा, हा अन्याय आहे.’’ हवालदार मात्र गंभीर. ‘‘पास नव्हता ना? मग बरोबर केलं आजोबांनी.’’

‘‘दीड तास उन्हात उभी होते,’’ लेक हसत म्हणाली. ‘‘पण मागे मोठे साहेब उभे होते ना. बाबा तरी काय करणार बिचारे!’’

दर वेळी ती हे शेवटी जोडते. दर वेळी मी आणखी भात मागून घेतो.

साहेब नव्हता. इथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही. साहेब त्या दिवशी कारखान्यातच नव्हता. नियम नवा होता, आणि मला तो माझ्याच पोरीवर चालवून बघायचा होता. रात्री तिच्या आईने फैलावर घेतलं तेव्हा साहेब मी जन्माला घातला. तो अजून मरत नाही.

१२ फेब्रुवारी

लेक चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात जाते. एक वाजेपर्यंत. आज येताना चेहरा उजळला होता, पण बोलेना. चहा झाला, भांडी झाली, तरी बोलेना. मग एकदम – ‘‘बाबा, मला तपासनीस करतायत.’’

म्हणजे काच उजेडासमोर धरायची आणि केसाएवढा ओरखडा पकडायचा. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, हे त्यांना आत्ता कळलं. मला पस्तीस वर्षं ठाऊक आहे. पण काम पूर्ण दिवसाचं, पाचपर्यंत. थोरली साडेतीनला शाळेच्या गाडीने येते. धाकटी सुटते साडेबाराला, त्या वेळेला गाडी नाही. एवढे दिवस लेक एकला सुटून जाईपर्यंत ती शाळेतच थांबायची; पाचपर्यंत कशी थांबणार? कोणीतरी जाऊन आणायला हवी. पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

हे सांगताना ती भिंतीकडे बघत होती. मी म्हणालो, ‘‘अगं, मी आहे की! त्यात काय एवढं!’’

त्यात काय एवढं. जीभ माझी फार शूर. गेल्या महिन्यात चष्मा पावाच्या डब्यात सापडला. परवा समोरच्या शिंप्याचं आडनाव आठवेना, वीस वर्षं कपडे शिवतोय माझे. हे तिला माहीत नाही. निदान मी सांगितलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

नवा शब्द मिळाला. उद्यापासून आठवडाभर धाकटीला मीच आणायचं. लेक म्हणाली, ‘‘बघू या, जमतंय का.’’ कोणाला म्हणाली?

शब्द दोन शब्दांचा आहे. एक असता तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी

बारा वाजताच पोचलो. शाळेचा शिपाई म्हणाला, ‘‘काका, अजून अर्धा तास आहे.’’ म्हटलं, असू दे. फाटकावर उभं राहायची मला सवय आहे.

हवालदार आली. एरवी मला ‘तू’ म्हणते. दारात मात्र – ‘‘शब्द सांगा.’’

सांगितला. ‘‘जाऊ शकता,’’ म्हणाली. मग लगेच ‘‘आजोबा, तू दप्तर घे.’’

१७ फेब्रुवारी

सांगितला. सोडलं. शिपाई पोट धरून हसतो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लिहू की नको, असं झालं आहे. पण नोंद ती नोंद.

रस्ताभर शब्द पुटपुटत चाललो होतो. कोपऱ्यावर पंक्चरवाल्याने हटकलं – ‘‘काय काका, आज स्वारी कुठे?’’ म्हटलं, नातीला आणायला. बस्स. एवढं बोलायला तोंड उघडलं, आणि शब्द उडाला!

‘‘शब्द सांगा.’’

‘‘अगं, तो... पावसातला...’’

‘‘पावसातला काय?’’

‘‘रेनकोट?’’

‘‘नाही.’’

‘‘गमबूट?’’

‘‘आजोबा, अंदाज चालत नाही.’’

शिपाई म्हणाला, ‘‘अगं जा की! आजोबा आहेत ना तुझे?’’

‘‘मला माहितीये माझे आजोबा आहेत,’’ हवालदार म्हणाली. ‘‘पण शब्द नाही आला.’’

माझेच बोल माझ्याच घशात. शिपायाने विचारलं, मुलीला फोन लावू का? मी घाबरून नको नको म्हणालो. आठवेल म्हटलं. बाकावर बसलो दोघं. तिने डब्यातलं उरलेलं अर्धं केळं मला दिलं. तोंड पुसायला रुमाल दिला. माझ्या मांडीवर डोकं ठेवून गाणं म्हटलं. सगळं केलं – पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. एकदा दया येऊन म्हणाली, ‘‘मी सांगितला असता रे. पण मग त्याला काय अर्थ?’’

दीड वाजता लेक घरी आली असणार. दाराला कुलूप, माझा फोन टेबलावर. पावणेदोनला ती धावत आली. केस सुटलेले, एका चपलेचा अंगठा तुटलेला, चप्पल हातात. लांबूनच ओरडून तिने तो शब्द सांगितला! सारा रस्ता वळून बघायला लागला. हवालदार शांतपणे उठली, माझं बोट धरलं आणि चालायला लागली.

घरी आल्यावर लेक हसली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग कपडे धुवायला गेली. बराच वेळ धूत होती. तेव्हा हसत नव्हती.

१९ फेब्रुवारी

तिला सांगून टाकलं – ‘‘माझ्या भरवशावर तपासनीस होऊ नकोस. दुसरं कोणी बघ. माझा गुडघा दुखतो.’’ डोकं म्हणायचं धाडस झालं नाही.

‘‘कुठला?’’

‘‘उजवा.’’

‘‘बरं,’’ म्हणाली. तेल गरम करून दिलं. तेल चोळत बसलो, काय करता!

संध्याकाळी वकीलबाई म्हणाली, ‘‘आजोबा, सकाळी उजवा होता. आता तू डाव्या पायाने लंगडतोयस.’’

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज उत्तर द्यायचं होतं. दिवसभर कशात लक्ष नाही. लेक आली, चप्पल काढली, पाणी प्यायली.

‘‘आठवडा मागून घेतला,’’ म्हणाली.

तिची जागा दुसऱ्या कोणाला देतील. एवढी नजर असलेली पोर जन्मभर काचा घासत बसेल. आणि कारण लिहायची वेळ आली, तर तिथे माझं नाव.

२२ फेब्रुवारी, रविवार

गेल्या आठवड्याचा शब्द ‘उलटी छत्री’. पाहा, आता कसा झरझर आठवतो मेला!

आज नव्या शब्दावरून बैठक बसली. वकीलबाईचा अर्ज – ‘‘आजोबांना सोपा शब्द द्यावा.’’ हवालदाराचा विरोध – ‘‘सोपा चोरालाही सोपा.’’ माझं मत कोणी विचारलं नाही. मी गुडघा धरून बसलो होतो. आज कोणता धरायचा ते आधी ठरवून घेतलं होतं.

लेक म्हणाली, ‘‘सोपा नको, ओळखीचा हवा.’’ आणि एकेकाच्या कानात सांगितला. माझी पाळी शेवटी.

ऐकला आणि मान खाली घातली. हा मी विसरणार नाही. मेल्यावरसुद्धा नाही.

२३ फेब्रुवारी

सांगितला. सोडलं.

२४ फेब्रुवारी

सांगितला. सोडलं. पंक्चरवाल्याने हाक मारली, मी फक्त हात हलवला. त्याला राग आला असेल. येऊ दे.

२५ फेब्रुवारी

धाकटीचा एक दात पडला. तो शोधायला सगळं घर उलथंपालथं. मी कुठेही बसलो नाही.

२६ फेब्रुवारी

सांगितला. सोडलं. उद्या उत्तर. वकीलबाई लेकीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी लेक म्हणाली, ‘‘आज लवकर सुटणार आहे. धाकटीला मीच आणते. तुम्ही आराम करा.’’

म्हणजे निकाल लागला. आराम करा – म्हाताऱ्याला काढून टाकायची ही सभ्य भाषा. कारखान्याने पण हेच म्हटलं होतं, वर एक घड्याळ दिलं होतं.

बारा चाळीसला फोन. शाळेचा शिपाई. हसू दाबत होता. ‘‘काका, जरा या. तुमची नात आईबरोबर जायला तयार नाही!’’

कडी एकदाच लावली आणि निघालो. गुडघ्याचं नाटक विसरून धावलोच म्हणायचं.

फाटकाच्या आत हवालदार, हाताची घडी घालून. बाहेर चार पावलांवर लेक. पर्स खांद्यावर, ऊन डोक्यावर. अगदी तशीच उभी!

‘‘काय झालं गं?’’

‘‘शब्द विसरले, बाबा,’’ म्हणाली. ‘‘काही केल्या आठवेना.’’

‘‘आई आहे म्हणून काय झालं?’’ आतून आवाज आला. ‘‘शब्द नाही आला.’’

मी पुढे झालो. सांगितला. स्पष्ट, मोठ्याने, फाटकावर सांगावा तसा.

‘‘जाऊ शकता,’’ हवालदार म्हणाली. ‘‘दोघं पण.’’

घरी येताना धाकटी मध्ये, एकेक हात आम्हा दोघांच्या हातात. लेक म्हणाली, ‘‘सांगून आले त्यांना. सोमवारपासून तपासनीस. धाकटीला आणायचं काम तुमचं, बाबा. गुडघा कितीही दुखो.’’ मग जरा वेळाने, ‘‘डावा असो की उजवा.’’

केसाएवढा ओरखडा जिला दिसतो, ती पाच दिवसांपूर्वी स्वतःच ठरवलेला शब्द विसरते?

१ मार्च, रविवार

मुदत संपली. आता लिहायला हरकत नाही. शब्द होता ‘डबा’.

सकाळी पोरी अंघोळीला गेल्यावर लेकीला एकदाचं सांगून टाकलं – त्या दिवशी साहेब तिथे नव्हता.

ती काच पुसावी तसा माझा चष्मा पुसत होती. वर न बघता म्हणाली, ‘‘माहितीये. फाटक जाळीचं होतं, बाबा. आतलं सगळं दिसायचं.’’