माझ्या शून्याची फजिती

सुदामा नगर, इंदूर
रविवार सकाळ, पोह्यांनंतर

चि. अशोक यास,

शंकरदादाचे भरघोस आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझं औषधांचं दुकान आणि चि. सौ. अमिताचं सकाळचं फिरणं या तिन्ही गोष्टी आपापल्या गतीने चालू असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं मजेत. यंदा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, जीरावन, भानुमतीने घरीच कुटलंय, पुडी वेगळी पाठवतो.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू ‘हं, हं’ करतोस आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवतोस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. आणि एक आधीच सांगून टाकतो, तू प्राचीशी वर्षभर अबोला धरला आहेस, तो तुम्हा बापलेकीचा प्रश्न आहे, मी त्यात पडणार नाही. (पडलो असतो तर एवढंच म्हटलं असतं, की डॉक्टर झालेल्या मुलीने मिरजेत दवाखाना थाटायचा सोडून इंदुरात नसांचं संशोधन करायला घेतलं, हा काही दरोडा नव्हे. पण मी पडत नाहीये.)

तुझी लेक आमच्या वरच्या खोलीत राहते आणि दिवसभर कॉलेजात, दुखणं नसेतून मेंदूपर्यंत कसं पोचतं आणि भुलीचं औषध त्याला वाटेत कसं अडवतं, याचा अभ्यास करते. एकदा नाश्त्याला तिने मला सगळं समजावलं. नसेच्या अंगावर म्हणे बारीक बारीक दारं असतात. चिमटा बसला की पहिलं दार उघडतं, सोडियम आत घुसतं, त्या धक्क्याने पुढचं उघडतं, मग त्याच्या पुढचं, आणि वर्दी अशी दारोदार करत वर जाते. भुलीचं औषध त्या दारांनाच अडसर घालतं. चिमटा बसलेला असतोच, बातमी तेवढी पोचत नाही. शिवाय दुखण्याच्या नसा दोन जातींच्या. ठेच लागली की आधी सणसणीत कळ, आणि जरा वेळाने ती सावकाश येणारी ठणक. मी म्हटलं, म्हणजे मेल आधी आणि मालगाडी मागून! (चौतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढलेल्या माणसाला एवढं कळतं.) प्राची म्हणाली, “काका, हे मी विद्यार्थ्यांना सांगू?” एवढ्या कौतुकानंतर तिच्या प्रयोगाला नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं.

प्रयोग असा, की साठीच्या पुढची चाळीस धडधाकट माणसं हवीत. पहिल्या दिवशी नुसत्या हाताला ऊन, गार, टोचणं असं सगळं लावून बघायचं आणि किती दुखलं ते शून्य ते दहा या आकड्यांत सांगायचं. दुसऱ्या दिवशी हात सुईने बधिर करून पुन्हा तेच. आता मला सांग, आपल्या घराण्यात दुखलं असं कोण म्हणतं? आप्पांचं बोट दारात चेमटलं तेव्हा ते ‘दार नीट करून घ्या’ म्हणाले होते. तेव्हा मी मनाशी ठरवूनच गेलो, की पुतणीसमोर शून्याच्या वर जायचं नाही.

तिथे देवांश नावाचा टेक्निशियन आहे, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, अस्सल इंदोरी. त्याने माझ्या मनगटावर एक छोटी तबकडी बांधली, ती हळूहळू तापत जाते. सोसवेना झालं की बटण दाबायचं. मी दाबलंच नाही. तबकडी शेवटच्या पायरीला जाऊन आपोआप बंद झाली. देवांशने विचारलं, “अंकलजी, कितना?” मी म्हटलं, झिरो. त्याने पुन्हा लावली, पुन्हा झिरो. त्याला वाटलं मशीनच बिघडलं. त्याने ते उघडलं, वायरी हलवल्या, आणि खात्रीसाठी स्वतःच्या मनगटाला लावलं. “अरे बाप रे!” म्हणून तो असा उडाला की चष्मा टेबलाखाली गेला. मग माझा हात बर्फाच्या पाण्यात. बाकीचे लोक म्हणे मिनिट-दोन मिनिटांत काढतात. मी वेळ संपेपर्यंत बसलो आणि तेवढ्यात पेपरातलं अर्धं पान वाचलं. (काय वाचलं ते विचारू नकोस. डोळ्यांना पाणी येत होतं, एसीमुळे.) आकडा शून्य.

प्राचीने माझ्या बोटाला लावलेल्या चिमट्याची तार जिथे जाते, त्या पडद्याकडे बोट दाखवलं. “काका, तुमची नाडी एकशे सोळा आहे. तुम्ही खोटं बोलताय, ती नाही.” मी म्हटलं, जिना चढून आलोय. ती म्हणाली, “पाऊण तासापूर्वी.”

दुसऱ्या दिवशी सुई द्यायची होती. त्याआधी हृदयावर नजर ठेवायला छातीवर गोल चिकटपट्ट्या लावतात, म्हणून शर्ट काढायला सांगितला. मी जरा टाळाटाळ केली, पण देवांश म्हणाला, “दो मिनिट का काम है, अंकलजी,” आणि स्पिरिटचा कापसाचा बोळा डाव्या बरगडीवरून फिरवला. अशोक, तुला सांगतो, तापलेल्या तबकडीला आणि बर्फाला पुरून उरलेला तुझा दादा त्या कापसाला असा ओरडला की शेजारच्या वर्गातलं लेक्चर थांबलं. ट्रे उलटला. पंधरा-वीस पोरं दारात गोळा झाली. देवांश हातातला बोळा चारी बाजूंनी बघत होता, त्यात काही चावणारं आहे का म्हणून.

प्राचीने सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि विचारलं, “किती?”

मी म्हटलं, “दहा.”

तीन वर्षांपूर्वी मला नागीण झाली होती, आठवत असेल. फोड महिन्याभरात वाळले, पण दुखणं राहिलं. बनियन घासलं तरी निखारा ठेवल्यासारखं. मी ते कुणालाच बोललो नाही. प्राचीने ताबडतोब माझं नाव यादीतून खोडलं, धडधाकट नाही म्हणून. (निवृत्तीच्या दिवशीही मला इतका अपमान वाटला नव्हता.) संध्याकाळी ती खाली आली आणि भानुमतीसमोर विषय काढला. मला वाटलं भानुमतीला धक्का बसेल. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “तीन वर्षं बघते आहे. बनियन उलटं घालतात, शिवण बाहेर. विचारलं तर म्हणतात उन्हाळा आहे. जानेवारीत कसला उन्हाळा?”

“मग काका, बोलला का नाहीत?” प्राचीने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. फोड वाळले तेव्हा भानुमतीने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. सगळे म्हणाले, सुटलात एकदाचे. पेढे वाटून झाल्यावर अजून दुखतंय असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि दाखवायचं तरी काय, कातडी तर कोरी करकरीत. भानुमती हसली आणि मग एकाएकी उठून आत गेली.

प्राची माझ्याजवळ खाली बसली. म्हणाली, “नागीण गेली, पण जाताना नस भाजून गेली. आता ती नस विनाकारण वर्दी पाठवते. कापूस लागला तरी आग लागली म्हणून सांगते. वर दिसत नाही म्हणून ते खोटं नसतं, काका.” अशोक, तीन वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं की मी वेडा नाही.

मग तिनेच मला दुखण्याच्या दवाखान्यात नेलं. बरगडीवर लावायला बधिर करणारी पट्टी आणि रोज एक कॅप्सूल. पहिल्या आठवड्यात कॅप्सूलने अशी गुंगी यायची की सियागंजच्या बाजारात बिजागऱ्या घ्यायला गेलो आणि दुकानासमोरच्या पोत्यावर बसल्या बसल्या झोपलो. दुकानदाराने हलवलं, “बाबूजी, उठ जाओ, बोरा बिक गया है.” गिऱ्हाईक हातगाडी घेऊन उभं होतं. मग डॉक्टरांनी मात्रा कमी केली. आता दहाचं तीनवर आलंय, एखाद्या दिवशी दोन. शून्य होईलच असं नाही, हेही प्राचीने स्पष्ट सांगितलंय. मला तीन पुष्कळ आहे. मी इस्त्रीचा शर्ट घालतो.

आणि सुट्टीत आमचा सुजय बेंगळुरूहून आला होता, आर्याला घेऊन. ती आता तीन वर्षांची आहे. तिला मी आजवर कधी नीट कडेवर घेतलं नव्हतं, उराशी आली की मी वर्तमानपत्र मध्ये धरायचो. सूनबाईला वाटायचं, आजोबांना पोरांची हौस नाही. परवा दुपारी पोरगी सरळ चढली आणि डाव्या अंगावर डोकं टेकून झोपली. दीड तास. शर्टावर लाळेचा नकाशा झाला. मी हललो नाही.

तर असं आहे. सौ. अमितास नमस्कार सांग. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा,
शंकरदादा

ता. क. माझं नाव खोडल्यामुळे चाळिसातली एक जागा रिकामी झाली आहे. साठीच्या पुढचा, साखर नसलेला, धडधाकट माणूस हवा. तू त्रेसष्टचा आहेस आणि तुला काही होत नाही, असं तू स्वतःच नेहमी सांगतोस. मी तुझं नाव देऊन आलोय. देवांशने वहीत ‘अशोक अंकल, मिरजवाले’ असं लिहूनही घेतलं.

ता. क. (दुसरा) गैरसमज नको, प्राचीने सांगितलेलं नाही. ती म्हणाली, “बाबा येणार नाहीत.” मी म्हटलं, त्याने हो म्हणून कळवलंय. तेव्हा आता तू येणं भाग आहे, नाहीतर मी खोटा पडेन. आणि खोटेपणाबद्दल तिच्याकडे माझी पत आधीच कमी आहे.

भावजी,
पाकीट मीच चिकटवते आहे, म्हणून चार ओळी. ती चाळिसावी जागा मागच्या सोमवारीच भरली, मीच बसले. यांना अजून सांगितलेलं नाही. सुई अजिबात दुखत नाही असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, मी सात सांगितले. तुमच्यासाठी तिथे आता काही काम उरलेलं नाही. तरी या. प्राची सहानंतर घरीच असते.
— भानुमती